बांबर्गचा धूर आणि हिवाळ्यातली बॉक

जर्मनीतल्या न्युर्नबर्गचा ख्रिसमस बाजार मला आवडला नाही. कागदावर तो फार सुंदर आहे, पण डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी तिथे उभं राहायलाही जागा नसते. प्रत्येक टपरीवर तीच गरम, गोड वाइन, तिच्या कपासाठी वेगळी अनामत रक्कम, आणि आजूबाजूला सगळे माझ्यासारखेच बाहेरगावचे. तासाभरात मी वैतागले. माझी धाकटी बहीण नोकरीसाठी जवळच्या एर्लांगेनला असते. ती म्हणाली, "ताई, थंडीत इथली माणसं खरंच काय पितात ते बघायचंय ना? मग उद्या बांबर्गला चल."

रेल्वेने अर्धा-पाऊण तास. रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभा असलेला जुना टाउन हॉल, टेकडीवरचं कॅथेड्रल, त्यातली पोप क्लेमेंट दुसरे यांची समाधी, हे सगळं दुपारपर्यंत पाहून झालं. १९९३ पासून हे जुनं शहर जागतिक वारसा यादीत आहे आणि ते योग्यच आहे. पण चार वाजून गेले की अंधार पडायला लागतो, बोटं गारठतात, आणि मग बांबर्गची खरी वेळ सुरू होते.

कॅथेड्रलच्या टेकडीखाली श्लेंकर्ला नावाची खानावळ आहे. या घराची पहिली नोंद १४०५ सालची. बोळातून आत शिरताना एका खिडकीतून बियर देत होते आणि शून्याच्या आसपासच्या थंडीत लोक ग्लास घेऊन रस्त्यावर उभे राहून गप्पा मारत होते. आत काळपट लाकडी तुळया, लांब टेबलं, आणि एकही टेबल रिकामं नाही. इथे टेबल मिळण्याची वाट बघायची नसते. जिथे दोन माणसांची जागा दिसेल तिथे विचारून बसायचं. एक वयस्कर जोडपं सरकून बसलं. आमच्या समोर चार तरुण पर्यटक होते.

बियर आली. गडद तपकिरी, वर घट्ट फेस. काउंटरवरच्या लाकडी पिंपातून ती थेट ग्लासात ओततात, त्यामुळे वायूचा भपकारा नसतो. ग्लास नाकाशी नेला आणि मी थबकले. हुरडा भाजताना आगटीवर वाकलं की जो वास नाकात, केसांत, स्वेटरमध्ये भरतो, तो वास. पहिल्या घोटाला तर धूर आणि फक्त धूरच.

समोरच्या चौघांनीही तेव्हाच पहिला घोट घेतला. एकाने तोंड वेडंवाकडं केलं, दुसरीने त्याचा व्हिडिओ काढला, मग सगळ्यांचे फोटो झाले आणि पाच मिनिटांत चौघं उठून गेले. चार ग्लास जवळजवळ भरलेले तसेच टेबलावर. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता ते उचलले. शेजारच्या आजोबांचा चेहरा मात्र उतरला होता. मलाही फार वाईट वाटलं, खरं तर रागच आला. नाही आवडली तर नाही आवडली, पण एखाद्या गावाने शेकडो वर्षं सांभाळलेल्या चवीला पाच मिनिटंही द्यायची नाहीत? तिथल्या बियरखालच्या चकतीवरच छापलेलं असतं की पहिला घोट विचित्र लागला तरी थांबू नका, हळूहळू गोडी कळेल. वाचायचे तरी कष्ट घ्यायचे.

मग आजोबा माझ्या ग्लासाकडे बघून बहिणीशी काहीतरी बोलले. त्यांचं या फ्रांकोनिया भागातल्या बोलीच्या वळणाचं जर्मन तिलाही दोनदा विचारावं लागलं. "ते म्हणतायत, मत तिसऱ्या ग्लासानंतर द्यायचं. पहिला नाकासाठी असतो."

तीन ग्लास म्हणजे दीड लिटर, तेवढं मला झेपणारं नव्हतं. पण पहिला ग्लास अर्धा होईपर्यंतच फरक कळला. नाक धुराला सरावतं आणि मागे असलेली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची), भाजक्या पावाच्या कडेसारखी चव पुढे येते. शेवटी जिभेवर हलकासा कडूपणा राहतो. ही त्यांची रोजची बियर, मेर्त्सन, ५.१ टक्के अल्कोहोलची.

त्यानंतर आजोबांनी स्वतःहून आमच्यासाठी ऊरबॉक मागवली. ही फक्त हिवाळ्याच्या तोंडावर येते. ऑक्टोबरात पहिलं पिंप फोडतात आणि साठा संपला की संपली. बॉक म्हणजे जास्त माल्ट घालून केलेली दाट, कडक बियर, ही ६.५ टक्क्यांची. श्टेफान्सबर्ग टेकडीखाली खडकात खोदलेल्या जुन्या तळघरांत ती कित्येक महिने मुरते. तिचा धूर मेर्त्सनपेक्षा दाट, पण मऊ. दोन घोटांत छातीत ऊब जाणवली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावातल्या एकेका ब्रुअरीचा बॉक फोडण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि आजी-आजोबा तरुणपणापासून ते दिवस पाळत आलेत. आजी सणवारांची यादी सांगावी तशा गंभीरपणे ते सांगत होत्या.

धुराची गोष्टही आजोबांनीच सांगितली. बियरसाठी जव भिजवून मोड आणतात आणि मग वाळवतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी ते जाळावर वाळवत, त्यामुळे धुराचा वास ही काही खास गोष्ट नव्हती. पुढे धूर धान्याला लागू न देता गरम हवेने वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बहुतेक ठिकाणांहून हा वास गेला. बांबर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या बियर बनवणाऱ्या दोन घरांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा जाळ विझू दिला नाही. बियर कशापासून करावी याचा नियमही या गावात १४८९ सालचा आहे, बव्हेरियाच्या प्रसिद्ध १५१६ च्या कायद्याच्या आधीचा. बांबर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतं; शेजारच्या बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बियर बनवायलाच बंदी होती, कारण उष्णतेत ती नासायची. हिवाळा हाच बियरचा हंगाम, हे तिकडच्या लोकांच्या अंगात असं मुरलेलं आहे.

खाण्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मी तिथला प्रसिद्ध भरलेला कांदा खाल्ला. आत डुकराचा खिमा, वर धुराच्या बियरचा रस्सा. फार सुरेख. पण बहीण शाकाहारी. ती चीज, पाव आणि सफरचंदाचा रस-सोडा यांवर बसली. इतक्या मायेने बसवून घेणाऱ्या घरात तिच्यासाठी एखादा गरम पदार्थ असायला हवा होता.

निघताना त्यांच्याच आयशे नावाच्या बियरची बाटली घेतली. ही ख्रिसमससाठीची, ८ टक्क्यांची. हिचं माल्ट बीचऐवजी ओकच्या लाकडावर धुरवतात. ती एर्लांगेनला रात्री हळूहळू प्यायले. धूर तिखट नाही, गोल आहे, आणि गोडवा बराच वेळ रेंगाळतो. मला तीच सगळ्यांत आवडली.

पुण्यात २००९ साली डूलाली नावाची ब्रुअरी सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडेही ताजी, जागेवर बनवलेली बियर मिळते. मला ती मनापासून आवडते. पण पुण्याच्या डिसेंबरची म्हणून एखादी बियर मला अजून भेटलेली नाही. बियरचे प्रकार सतत बदलतात, त्यांत हंगाम मात्र जाणवत नाही. आपल्याकडे ज्वारी आहे, नाचणी आहे, हुरड्याचे दिवस आहेत, बाभळीचं लाकूड आहे. कुणीतरी दरवर्षी फक्त थंडीत निघणारी आणि संक्रांतीपर्यंत संपणारी धुराची बियर करावी, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा करावी. लोक पहिल्या वर्षी तोंड वाकडं करतील. करू देत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बांबर्गला गेलो, श्पेत्सियालसाठी. १५३६ पासूनचं घर. यांचा धूर इतका सौम्य की ज्यांना श्लेंकर्ला जड वाटेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी. रस्त्याच्या बरोबर समोर फेस्ला ही ब्रुअरी आहे, १६४९ सालची. तिथली बांबर्गाटोर ही बियर ८.५ टक्क्यांची आहे, धुराची नव्हे. ती संध्याकाळच्या शेवटीच घ्या आणि गाडी चालवायची असेल तर अजिबात घेऊ नका. बॉकसाठी जायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि शक्यतो मधल्या वारी. शनिवारी तिथेही न्युर्नबर्गची गर्दी येऊन पोचते.