पाटी, पदर आणि १८४८ साल

रविवार, रात्री

सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या पहिल्या शाळेवर वीसेक मिनिटांचा माहितीपट करायचे आमच्या गटाने ठरवले, तेव्हा मुख्य अडचण पैशांची असेल असे सर्वांनाच वाटले होते. आज पटकथेचा आराखडा तपासताना लक्षात आले की, खरी अडचण पडद्यावर दाखवायचे काय ही आहे. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये ती शाळा भरली, तो २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. गंज पेठेतला फुले वाडा उभा आहे, तिथली विहीर आणि जोतीरावांची समाधी चित्रित करता येईल. परंतु ते घर आहे, शाळा नव्हे. १८४८ सालच्या वर्गाचे छायाचित्र असण्याचा प्रश्नच नाही. हाताशी उरतात ती सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ सालची पत्रे, ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकाचे जुने अंक आणि नंतरच्यांनी सांगितलेल्या आठवणी.

त्यामुळे काही प्रसंग नाट्यरूपाने उभे करावेच लागतील, आणि तसे ठरले की कपडेपट आणि प्रॉपर्टी, म्हणजे प्रसंगातल्या वस्तू, ही सजावट उरत नाही. नाटकात एखादा पितळी तांब्या चुकीच्या काळातला असला तरी प्रेक्षक तो सोडून देतो, कारण नाटकाने आपण खरे आहोत असे म्हटलेलेच नसते. माहितीपट मात्र तसे म्हणतो, आणि त्यातली प्रत्येक वस्तू ‘हे असे होते’ असे सांगत राहते, आपण निवेदनात काहीही म्हटले तरी. म्हणून कपडेपटाची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर मी वस्तूंची यादी करण्याआधी पुराव्यांची यादी करायला घेतली आहे.

बुधवार

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे दुपार गेली. स्नेहसंमेलनांच्या हंगामामुळे दुकानात शिवाजी महाराजांचे जिरेटोप आणि झाशीच्या राणीच्या तलवारी यांचा नुसता खच पडला होता. आम्ही ‘१८४८’ असे म्हणताच दुकानदार काकांनी क्षणभरही विचार न करता मावळ्यांच्या गाठोड्याशेजारचे गाठोडे ओढले आणि त्यातून शिवलेल्या नऊवारी, मखमली चोळ्या आणि गांधी टोप्यांचा गठ्ठा काढला. ‘जुना काळ’ म्हटला की त्यांच्याकडे हाच संच जातो, आणि बहुतेक शाळांचे त्यात भागतेही. गांधी टोपी मात्र सावित्रीबाईंच्या शाळेनंतर जवळपास सत्तर वर्षांनी आली, त्यामुळे रस्त्यावरच्या पुरुषांना ती घातली असती तर आमचा अख्खा प्रसंग एका टोपीने बुडवला असता. पुरुषांसाठी धोतरे, उपरणी आणि दोन पगड्या घेतल्या. पगड्या फार चांगल्या नव्हत्या. म्हणून पुरुष शक्यतो गुडघ्यांखालीच दाखवायचे, वहाणा आणि धोतराचे सोगे एवढेच चौकटीत घ्यायचे, असे आमच्या छायाचित्रकार मैत्रिणीने तिथल्या तिथे ठरवले. पैसे वाचले, आणि चित्रही त्यामुळे अधिक धाक घालणारे होईल असे मला वाटते.

शिवलेली नऊवारी नाकारण्याचे कारण काकांना पटवून द्यायला वेळ लागला. ती घालायला दोन मिनिटे पुरतात आणि नाचताना सुटत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण जवळून पाहिले की काष्ट्याच्या जागी शिलाईची सरळ रेघ दिसते, आणि आमचे निम्मे चित्रण जवळूनच आहे. शेवटी दोन सारख्या, साध्या सुती लुगड्यांसाठी बाहेर जावे लागले. दोनच का, याचेही कारण आहे. शाळेत जाताना अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून सावित्रीबाई बरोबर दुसरे लुगडे ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. चिखलाचा प्रसंग पुन्हा चित्रित करायची वेळ आली तर कोरडे लुगडे लागणार, हा निर्मितीचा हिशेब आणि ही आठवण एकाच खरेदीत बसली.

रंगाबाबत मी हट्ट धरला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये शोधला. त्याआधीचे रंग निळीचे, मंजिष्ठेचे, हळदीचे. म्हणजे दुकानातला झगझगीत राणी रंग कितीही ‘पारंपरिक’ दिसला तरी आमच्या सालात बसत नाही. कोरी लुगडी चहाच्या पाण्यातून काढून, वाळवून, पुन्हा धुऊन त्यांची नव्हाळी घालवायचे काम वसतिगृहाच्या गच्चीवर चालू आहे.

पुढचा रविवार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सकाळी लवकर पोहोचलो. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि उशीर केला तर चांगल्या वस्तू जुन्या वस्तूंचे व्यापारीच उचलून नेतात. एका विक्रेत्याने रॉकेलचा कंदील ‘पेशवाईतला’ म्हणून दाखवला, तेव्हा हसू आवरणे कठीण झाले. रॉकेलच आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आम्ही पितळेची एक समई, कल्हई उडालेला तांब्या आणि लाकडी दौत घेतली. बोरू आम्हीच तासणार आहोत.

खरी मेहनत धूळपाटीवर झाली. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तिच्यात काडीने अक्षरे गिरवायची, ही त्या काळच्या गावठी शाळांतली रीत. कोणत्याही दुकानात धूळपाटी मिळत नाही. सुताराकडून कडेला पट्टी मारलेली फळी करून घेतली आणि धुळीचे प्रयोग सुरू केले. साधी माती काडीमागे ढेकळे धरते, रांगोळी फार पांढरी दिसते. विटेची वस्त्रगाळ पूड मात्र उत्तम जमली. तिच्यात रेघ स्वच्छ उमटते, कडा उभ्या राहतात आणि तिरक्या प्रकाशात अक्षराची सावली पडते. फळी हलकेच हलवली की अक्षर मोडून सपाटी होते. हे एक दृश्य मिळाले तर मला निम्मा माहितीपट मिळाल्यासारखे वाटेल, आणि त्यात चेहरा लागत नाही.

गुरुवार

आज लुगडे नेसण्याची तालीम झाली. सावित्रीबाईंची भूमिका करणारी आमची वर्गमैत्रीण अठरा वर्षांची आहे. ‘इतकी लहान?’ असे दोघांनी विचारले. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे ती शाळा सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या आणि जोतीराव वीस-एकवीस वर्षांचे होते. भिंतीवरच्या तसबिरींमुळे आपल्या मनात त्या कायमच्या प्रौढ होऊन बसल्या आहेत. आमच्या निवडीत याहून नेमकी निवड दुसरी नसेल.

नेसवायला गटातल्या एकीची आजी आली होती. मुलीने सवयीने पिना पुढे केल्या, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘पिना कशाला गं? ओचा नीट खोव, काष्टा घट्ट ओढ, आणि चालून दाखव. सुटलं तर माझं नाव बदल.’ सुटले नाही. सेफ्टी पिनचे पेटंट अमेरिकेत १८४९ मध्ये घेतले गेले, ही माहिती मी आधीच काढून ठेवली होती. आजींसमोर ती सांगायचे धाडस झाले नाही, आणि गरजही पडली नाही. कुंकवासाठी त्यांनी आधी मेणाचे बोट कपाळावर टेकवले आणि त्यावर कोरडे कुंकू दाबले. टिकलीची कड प्रकाशात चमकते, हे मात्र मऊ आणि किंचित वेडेवाकडे दिसते. त्यांनी नेसवण्याची संपूर्ण कृती आम्ही मोबाइलवर चित्रित करून ठेवली, म्हणजे दुसऱ्या दिवशी पदराची बाजू आणि निऱ्यांची जागा ताडून पाहता येईल.

शनिवार, चित्रीकरणानंतर

कसबा पेठेतला एक खासगी वाडा मिळाला. सागवानी खांब, चौक, ओटा सारे उत्तम, पण छपरावर मंगलोरी कौले. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणून कॅमेरा कुठेही खांबांवरच्या तुळईच्या वर न्यायचा नाही, असा नियम पहिल्याच तासाला करावा लागला. ओट्याचा एक कोपरा आदल्या संध्याकाळी शेणाने सारवून घेतला होता. पहाटेच्या प्रकाशात धूळपाटी, तांब्या आणि लहान मुलीचा हात एवढेच त्या कोपऱ्यात बसत होते, आणि तेवढेच पुरले.

ध्वनीची बाजू सांभाळणारा मित्र दिवसभर शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांशी झगडत होता. त्यांनीच शेवटी ‘तुमचं होईपर्यंत डाळ थांबवतो’ असे सांगितले. अशी मदत परवानगीपत्रात कुठे लिहिलेली नसते.

चिखलाचा प्रसंग सर्वांत शेवटी घेतला, कारण ओले लुगडे लवकर कोरडे होत नाही. माती चाळून खडे काढले होते. फेकणारे हात आम्ही दाखवलेच नाहीत. पदरावर पडलेला एक डाग आणि थांबलेली पावले एवढेच घेतले. ज्यांची नावे नोंदीत नाहीत, त्यांना आपण चेहरे देऊ नयेत, हा माझा आग्रह दिग्दर्शकाने मान्य केला.

दोन गोष्टी वेशभूषेशिवायच ठेवल्या, आणि आता पाहताना त्याच सर्वांत भक्कम वाटतात. १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा यांचा उल्लेख ओझरता येतो. त्या काय नेसत, कशा दिसत, याला आमच्याकडे आधार नाही, म्हणून त्यांचे पात्र उभे न करता पत्राचे वाचन ठेवले. आणि फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा जो निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, तो पेठेतल्या एका शाळेतली मुलगी आपल्या निळ्या-पांढऱ्या गणवेशात, पाठीवर दप्तर घेऊन वाचते. तिला परकर-पोलके घालण्याची सूचना आली होती. मी ठाम नकार दिला. परकर-पोलक्यात ती मुक्ताची नक्कल वाटली असती. गणवेशात ती फक्त मुक्ताचे शब्द वाचते, आणि जे शब्द छापील पुराव्याने उरले आहेत त्यांना कपड्यांचा आधार लागत नाही.

मंगळवार

ड्रेपरीची गाठोडी परत केली, अनामत मिळाली. संकलनाच्या टेबलावर आता एकच वाद उरला आहे. नाट्यरूप दृश्यांवर ‘नाट्यरूप’ असे अक्षरांत लिहायचे की नाही? प्रवाह तुटतो, शेवटच्या श्रेयनामावलीत सांगितले तरी चालेल, असे संकलक म्हणतो. माझे मत असे की, विटेच्या पुडीपासून कुंकवापर्यंत इतकी खातरजमा केल्यामुळेच ती दृश्ये खरी वाटण्याचा धोका वाढला आहे, त्यामुळे सूचना प्रत्येक प्रसंगाच्या आरंभी हवी. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी दोन्ही आवृत्त्या मागवल्या आहेत. माझ्या आवृत्तीत ती अक्षरे डाव्या कोपऱ्यात, पहिल्या चित्रापासून, वाचून होतील इतका वेळ ठेवली आहेत.