पुणे ते स्पीती: जुन्या जिप्सीची सहा हजारांतली तयारी

माझी जिप्सी १९९८ सालची, कार्ब्युरेटरवाली, कापडी टपाची. इंजिन १२९८ सीसीचं, टाकी ४० लिटरची आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मावसभाऊ आणि मी तिला घेऊन पुण्याहून निघालो. शिमला, नारकंडा, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असं वर चढून कुंझुमचा घाट ओलांडायचा आणि बातल-छत्रूमार्गे मनालीला उतरायचं, असा बेत होता. निघण्याआधी गाडीवर जो खर्च केला तो सगळा मिळून सहा हजारांच्या आसपास गेला, आणि मजुरी घरचीच. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय करायचं राहून गेलं हे लिहितोय. स्पीतीला जुनी गाडी घेऊन जाणारे बरेच आहेत, आणि त्यातले बहुतेक आधी एलईडीच्या पट्ट्यांवर पैसे घालतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात स्वस्त होतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड असतं, बोटाच्या पेराएवढं. गाडी तासन्‌तास चालून हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. तशीच गाडी बर्फाच्या पाण्यात घातली की हवा एकदम आकसते आणि आत ओढ तयार होते. त्या वेळी ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा मातीने बुजला असेल, तर पाणी तिथून किंवा सीलमधून आत जातं. ते लगेच कळत नाही. महिन्याभराने बेअरिंग आवाज करायला लागतं तेव्हा कळतं.

उपाय सोपा आहे. ब्रीदर काढून तिथे नोझल बसवायचं, त्याला पेट्रोलचा रबरी पाइप लावायचा आणि पाइप चॅसीला बांधत वर न्यायचा. पुढचा पाइप बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत (इंजिनमागच्या पत्र्यापर्यंत) नेला, मागचा टेल लॅम्पच्या मागे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांचेही पाइप तसेच वर घेतले. प्रत्येक पाइपच्या टोकाला मोटरसायकलचा प्लॅस्टिकचा पेट्रोल फिल्टर लावला, म्हणजे धूळ आत जात नाही. एक्सल वरखाली होतो, त्यामुळे तिथे पाइपला वीतभर ढील ठेवा. सायलेन्सरपासून लांब राहील असा मार्ग काढा. चार-पाच मीटर पाइप, क्लिपा आणि फिल्टर धरून आठशे रुपयांच्या आत काम झालं. एक रविवार गेला.

दुसरं काम डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाचं, ज्याला मिस्त्री डेल्को म्हणतात. जुन्या पेट्रोल गाड्या पाण्यात बंद पडतात त्या बहुतेक याच्यामुळे. पंख्याने उडवलेलं पाणी टोपीच्या फटीतून आत जातं आणि स्पार्क भलतीकडे पळतो. आम्ही भांडी घासायचा जाड रबरी हातमोजा आणला. पाच बोटांची टोकं अगदी थोडी कापली, चार बोटांतून चार प्लगच्या वायरी काढल्या आणि अंगठ्यातून कॉइलची. मोज्याचं तोंड टोपीवरून खाली ओढून डेल्कोच्या मानेला घट्ट बांधलं. कापलेली भोकं वायरीपेक्षा बारीकच हवीत, म्हणजे रबर स्वतःच वायरीला आवळून धरतं. आधी टोपीच्या कडेला आणि प्लगच्या टोप्यांच्या आत पांढरं ग्रीस पुसलं होतं. रोज संध्याकाळी मोजा वर सरकवून आत दमट तर नाही ना एवढं बघायचं, कारण आतली वाफही त्रास देते. पुढे बातलपलीकडे छोटा दड्याच्या नाल्यात या साठ रुपयांच्या मोज्याची किंमत कळली.

राजस्थानात वेगळंच निघालं. उदयपूरच्या पुढे भर दुपारी गाडी आचके देऊन थांबली. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली होती. इंजिनवरचा पेट्रोल पंप तापला की हे होतं. ओलं फडकं पंपावर ठेवलं, वीस मिनिटं सावलीत थांबलो आणि निघालो. संध्याकाळी पंप ते कार्ब्युरेटर या पाइपवर सुती पट्टी गुंडाळून वरून स्वयंपाकघरातली फॉइल चढवली, दोन्ही टोकं तारेने आवळली. परत त्रास झाला नाही. फडकं एक्झॉस्टच्या जवळ राहणार नाही हे मात्र डोळ्यांनी बघूनच बॉनेट लावा.

शिमल्याच्या पावसात टपाच्या शिवणी गळल्या. मेण चोळून ते भागलं. खरा शत्रू पुढच्या रस्त्यावरची धूळ. कापडी टपाच्या गाडीत मागून धूळ ओढली जाते. मागच्या पडद्याच्या कडांना फोमची चिकटपट्टी लावली आणि पुढचा ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा सतत चालू ठेवला. आत थोडा दाब राहिला की धूळ बरीच कमी होते. मागची बाकडी काढून त्यांच्याच बोल्टच्या भोकांवर प्लायवूडची पेटी बसवली होती, त्यामुळे सामान उडालं नाही.

खाबला सतलज आणि स्पीतीचा संगम ओलांडला की रस्ता नाकोकडे वळणावळणांनी चढतो, आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीची परीक्षा सुरू होते. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून धूर काळा आणि ताकद कमी. एअर फिल्टर रोज झटकला. मिक्स्चरचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला, मूळ जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करून. पण समजून घ्या, त्या स्क्रूने फक्त आयडलिंग सुधारतं, चढावरची ताकद परत येत नाही. डेल्को किंचित फिरवून टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) थोडं पुढे घेतलं तेव्हा फरक जाणवला. खाली उतरल्यावर ते परत जागेवर आणायला विसरू नका, नाहीतर इंजिन खडखडतं. बाकी उभ्या चढावर सरळ फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण ताकदीचा गिअर टाकायचा. क्लच जाळण्यापेक्षा सावकाश चढलेलं बरं.

नाकोच्या अलीकडे दगड लागून पेट्रोलची टाकी शिवणीपाशी पाझरायला लागली. तिथे एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, "साबुन है?" कपडे धुण्याचा कोरडा साबण त्या जागी जोरात रगडून बसवला आणि गळती थांबली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून हा उपाय चालतो. पाणी मात्र लागता कामा नये. काझ्याला टाकी रिकामी असताना ती जागा घासून कोरडी केली, एम-सील लावलं आणि रात्रभर वाळू दिलं. टाकीजवळ काम करताना बॅटरीची तार काढून ठेवा, विडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा.

ताबोला एक दिवस मुद्दाम थांबलो. ९९६ सालचा मातीचा गोंपा (बौद्ध मठ) आणि आतली भित्तिचित्रं सोडून नुसतं गाडीखाली लोळत राहणं बरोबर नाही.

टायरमधल्या हवेचं एक सांगतो. पुण्यात २६ पौंड भरलेली हवा काझ्याला मोजली तर तीसच्या आसपास. टायरमधली हवा वाढलेली नसते, बाहेरचा दाब कमी झालेला असतो. गाडी त्यामुळे दगडांवर उड्या मारते आणि आपण पाट्यांना शिव्या देतो. काझ्यापासून पुढे मी २० वर आणली. पाठीची आणि गाडीची, दोघांची सुटका झाली. त्यासाठी शे-दोनशेचा गेज आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा पंप पुरतो, चिमट्याच्या तारेत फ्यूज मात्र हवाच. डांबरी रस्ता लागला की परत हवा भरायची.

आता माझी चूक. पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-क्लॅम्पचे नट रोज तपासायचे असं वहीत लिहिलेलं होतं, आणि काझा सोडताना ते राहिलं. कुंझुमवरून बातलकडे उतरताना मावसभाऊ म्हणाला, "दादा, गाडी तिरकी चालतेय." स्टिअरिंग सरळ, पण गाडी खेकड्यासारखी. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक मडगार्डच्या मागच्या कडेकडे सरकलेलं. पाट्यांच्या थरामधून मधोमध जाणारा सेंटर बोल्ट तुटला होता. क्लॅम्प ढिले झाले की पाटे आणि एक्सल यांच्यामधला सगळा धक्का त्या एका बोल्टवर येतो, आणि तो कापला जातो.

दोन सेंटर बोल्ट आणि दोन सी-क्लॅम्प बरोबर होते. पुढच्या चाकांना दगड लावले, चॅसीला जॅक लावून खाली लाकडी ठोकळे रचले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असो. जिप्सीत पाटे एक्सलच्या खाली असतात, म्हणून दुसऱ्या जॅकने एक्सल धरून मग यू-क्लॅम्प सोडले. पाट्यांच्या थराला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प आवळले. हे आधी केलं नाही तर पाटे फाकतात आणि बोटं सापडतात. तुटका बोल्ट सुंभ्याने ठोकून काढला, नवा घालून आवळला, त्याचं डोकं एक्सलच्या भोकात बसेपर्यंत पहारीने एक्सल पुढे ढकलला. मग चारही नट कर्णांच्या क्रमाने, थोडे थोडे. पुण्यात तासाभराचं काम, तिथे अडीच तास लागले. दर चार आट्यांनंतर धाप लागायची. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळले, ते पाव आटा फिरलेच. तुमच्या गाडीच्या पाट्यांची जाडी मोजून बोल्ट घ्या, लांब घेतला तर उरलेला कापता येतो.

त्या रात्री बातललाच राहिलो, आणि ते बरंच झालं. पुढचे नाले बर्फाच्या पाण्याचे आहेत. दुपारी ऊन तापलं की फुगतात, पहाटे उतरतात. सकाळी सहाला निघालो. छोटा दड्याजवळ एका नाल्याला गुडघ्यावर पाणी होतं. मावसभाऊ काठी घेऊन, कमरेला दोर बांधून आधी चालत गेला आणि मोठे दगड कुठे आहेत ते दाखवलं. ग्रीलवर रेक्झिनचा तुकडा बांधला, म्हणजे पुढून येणारं पाणी थेट पंख्यावर आदळत नाही. थांबून हाउसिंग थोडं निवू दिलं. मग फोर-लो, पहिला गिअर, आणि मध्ये क्लचला पाय नाही. पाणी बंपरपर्यंत आलं, इंजिन एकदाही चुकलं नाही. पलीकडे गेल्यावर रेक्झिन लगेच काढलं, नाहीतर इंजिन तापतं. ब्रेक हलके दाबत वाळवले. आमच्या मागची एक नवी गाडी दुपारी याच नाल्यात अडकल्याचं संध्याकाळी सिस्सूला कळलं.

पेट्रोलचं गणित असं ठेवा: काझ्यानंतर पंप लगेच नाही, मनालीपर्यंत दोनशे किलोमीटर धरा, चंद्रतालचा फाटा वेगळा. लो गिअरमध्ये माझ्या गाडीने लिटरला सहा-सातच दिले. टाकी पूर्ण आणि एक लोखंडी कॅन, वर थोडी जागा मोकळी सोडून, पट्ट्याने आवळलेला. लोसर सोडल्यापासून कोकसरजवळ येईपर्यंत फोनला रेंज नव्हती, त्यामुळे मागे कुणालातरी वेळ सांगून निघा. कोकसरवरून अटल बोगद्याने मनाली, रोहतांगचा परवाना लागत नाही.

जे केलं नाही तेही सांगतो. पाट्यांच्या टोकाला लांब शॅकल (जोडपट्ट्या) लावून गाडी उंच केली नाही, त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि वळणावर गाडी कलते. फार मोठे टायर घातले नाहीत, चढावर आधीच ताकद कमी असते. लोखंडी बुल बारवर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदी आणली आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत बदल करायच्या आधी आरटीओत विचारलेलं बरं.

पुण्यात आल्यावर दोन्ही हाउसिंगचं तेल काढलं. पाणी गेलं असतं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं असतं. काळंच निघालं, स्वच्छ, बोटावर चोळलं तर कणही लागला नाही. नवीन नव्वद नंबरचं गिअर तेल भरलं, टायमिंग मागे घेतलं, आणि खर्ची पडलेल्या सेंटर बोल्टच्या जागी दुसरा आणून पेटीत ठेवला.