तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटला दोन रंग का?

गोव्यात आमच्या डिचोलीच्या पेट्रोल पंपावर गेलो की नळी हातात धरलेला पोरगा टाकीआधी टपाकडे बघतो आणि विचारतो, "पात्रांव, ही पयलीं टॅक्सी आशिल्ली?" म्हणजे, मालक, ही आधी टॅक्सी होती का? लग्नकार्यात नातेवाईक तेच जरा सभ्यपणे विचारतात: कंपनीने एका रंगात दिलेली गाडी, तुम्ही दोन रंग का मारलेत? आणि म्हणे घरीच मारलेत? तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकतो.

गाडी काकांची, 1978 ची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला 1964 पासून ही 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून तयार व्हायची, 1974 पासून पद्मिनी झाली. आमच्या घरात ती आजही फियाटच. काका गेल्यावर सात पावसाळे ती फणसाखाली उभी होती. टपाच्या कडेला पाण्यासाठी जी पन्हळ असते तिच्यात पानं कुजत राहिली आणि गंज तिथूनच वर चढला. बाकीचा गडद हिरवा रंग पॉलिशने उजळेल असा होता, टपाची मात्र चाळण झालेली. मेस्ताने, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने, टप कापून नवा पत्रा जोडून दिला. आता त्याला हिरवा मारायचा, पण कुठला हिरवा? चाळीस वर्षं उन्हात तापलेला हिरवा डब्यात मिळत नाही. तीनदा कालवून आणला. दुकानात जुळायचा, अंगणात आणला की परका. शेवटी वैतागून टप क्रीम केला.

मग खालचं पॉलिश करायला घेतलं तर दारांच्या तळाशी बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली निघाली. सगळंच खरवडावं लागलं, म्हणजे हिरवाही नव्यानेच मारायचा होता. गाडी सुखाने एका रंगात करता आली असती. पण तोवर क्रीम टप मला आवडायला लागला होता. इटलीत 1959 च्या सुमारास '1100 लुसो' दोन रंगांत निघत असे, हे मी नंतर शोधून काढलं. पाहुण्यांना मात्र तेच आधी सांगतो.

रंग घरी मारायचा म्हणून एनसी, म्हणजे थिनर उडून वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग, घेतला. हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त चमकतो, टिकतोही, पण त्याच्या वाफाऱ्यात आयसोसायनेट असतं. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसताना पडवीत तो मारणं म्हणजे दम्याला आमंत्रण. एनसीची भानगड वेगळी, त्याला दमट हवा सोसत नाही. थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. पहिल्या दिवशी मी संध्याकाळी सहाला स्प्रे गन हातात घेतली. सातला हिरवं दार ताक सांडल्यासारखं दिसत होतं. त्यानंतर काम फक्त फेब्रुवारीत, दहा ते एक. त्यातही शेजाऱ्यांनी कुंपणासाठी चिरे कापायला मशीन लावलं, तेव्हा चार दिवस हात बांधून बसलो. ओल्या क्रीमवर चिऱ्याची लाल धूळ पडली की मसाला शिंपडल्यासारखी दिसते.

फिका रंग आधी मारायचा, गडद नंतर. हिरवा क्रीमला सहज झाकतो, उलट करायला गेलं तर क्रीमचे हात मोजता मोजता दमायला होतं. हे सगळं सोपं. डोकं खाल्लं ते दोन रंगांमधल्या रेघेने. पुढे काच आणि बॉनेट यांच्यात रेघ लपून जाते. मागे मात्र टप काचेशेजारच्या खांबावरून उतरून सरळ खालच्या पत्र्यात मिसळतो, मध्ये सांधा नाही की पट्टी नाही. शिवाय दार उघडलं की आतली कड कुठल्या रंगाची? खिडकीची चौकट क्रीम, खालचं दार हिरवं, म्हणजे रेघ दाराच्या जाडीवरून वळून आत गेली पाहिजे आणि समोरच्या खांबावर त्याच उंचीला भेटली पाहिजे. हे मला सुचलं तेव्हा एक दार रंगवून झालं होतं.

टेप नखाने दाबून बसवली. मेस्ताने एक युक्ती सांगितली: टेपच्या कडेवर आधी क्रीमचाच हलका हात मार. झिरपलं तर क्रीमवर क्रीमच झिरपेल. मग हिरवा मारायचा आणि तो हाताला चिकटेनासा झाला की टेप मागे दुमडून सावकाश ओढायची. उरलेली धार पाणी लावून 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. रेघ अशी निघाली की मीच पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होतो.

टप झाकायला मात्र रोजच्या पेपरांची रद्दी वापरली. थिनर कागदातून उतरला आणि निवडणुकीची अर्धी बातमी उलट्या अक्षरांत टपावर छापली गेली. रबिंग कंपाउंडने गेली बहुतेक. मागच्या काचेच्या वर एक फिकट 'ळ' अजून आहे, वाकून बघितलं तर दिसतो. आणि डावी रेघ उजवीपेक्षा सहा मिलिमीटर खाली आहे. हे फक्त गाडीच्या बरोब्बर मागे उभं राहिलं तरच कळतं, म्हणून मी पाहुण्यांना बाजूने आणतो.

आई तुळशीपाशी उभी होती. गाडी बघून म्हणाली, "वर फिकी, खाली काळपट. टॅक्सीच केलीस की रे!" चुकलं नव्हतं तिचं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण आमच्या पिढ्यांच्या डोळ्यांत दोन रंगांची फियाट म्हणजे काळी-पिवळीच. क्रीमऐवजी पिवळट छटा घेतली असती तर बसस्टँडवर कुणी हात दाखवून थांबवली असती.

आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, तोही बदलून घ्यावा लागतो, हे विचारणाऱ्यांपैकी कुणाला गाडी रंगवायची असेल तर सांगून ठेवतो.

पंपावरच्या पोराला मात्र यातलं काही सांगत नाही. "आशिल्ली," म्हणतो आणि मीटर शून्यावर आहे ना ते बघतो.