तुमनी क्लिप परमानेच

क्लिप 2 मिनिटं 40 सेकंदांची होती. आवाज माझा, शब्द माझे, अहिराणी माझ्या आईची. "छातीमा धडधड व्हस, घाम येस, आते मी मरस असं वाटस. घाबरू नका. हाऊ हार्ट अटॅक नही, हाई घबराट शे." मग चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. शेवटी टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर. बचत गटांच्या ग्रुपांवर ती इतकी फिरली की शिरपूरच्या माझ्याच मावशीने ती मला पाठवली, "ऐक, चांगलं शे" म्हणून. काही दिवस मी हवेतच होते.

आम्ही तिघं मिळून हे साहित्य करायचो. मी क्लिनिकल सायकॉलॉजीवाली, पुण्यात शिकलेली. माझा भर विचारांवर: माणूस घटनेने नाही, घटनेच्या अर्थाने हैराण होतो. आरन बेक यांनी 1960च्या दशकात रुजवलेली ही वाट मला मनापासून पटते, आजही. सिस्टरने 22 वर्षं सरकारी वॉर्डात काढलेली, समुपदेशनाचा डिप्लोमा तिने नंतर केला. आणि भाऊ. तो समाजकार्यात एमएसडब्ल्यू, आधी पथनाट्यं करायचा. कुठल्याही घरात गेला की पहिल्या पाच मिनिटांत सोसायटीचं किती, सावकाराचं किती, हे काढून घ्यायचा. मला ते उद्धट वाटायचं.

क्लिप लिहिताना आमचं वाजलं होतं. सिस्टर म्हणाली, "आधी दवाखान्यात दाखवा, हे पहिलं वाक्य टाक." भाऊला कर्जाचा उल्लेख हवा होता. मी दोन्ही उडवलं. कर्जाचं जाऊ द्या, पण सिस्टरचं वाक्य उडवायला माझ्याकडे कारण होतं. पॅनिकचे, म्हणजे अशा घबराटीच्या झटक्यांचे, पेशंट दर महिन्याला ईसीजी काढत फिरतात. रिपोर्ट नॉर्मल येतो, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा दुसरा डॉक्टर. "तपासून घ्या" म्हणणं म्हणजे त्या चक्राला वंगण घालणं, असं मला शिकवलेलं आणि मी तेच ऐकवलं. सिस्टर गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, तिला पटलेलं नाही.

अखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, बुधवार. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं गाव. ऊन तापायच्या आत उरकावं म्हणून साडेआठलाच शाळेच्या खोलीत बायकांची बैठक घेतली. ती संपली तशी एक काकू मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, "घर चाला ना मॅडम. आमना आप्पास्ले तुमनी क्लिप भलती आवडनी, पन फरक पडत नही."

जुनं धाब्याचं घर. ओसरीत खाटेवर आप्पा बसलेले, वय छप्पन्न, खांद्यावर ओला गमछा. तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला आणि त्यातून मी बोलत होते. एक, दोन, तीन, चार. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं.

आप्पांनी मला ओळखलं. "तुमनी क्लिप परमानेच करी ऱ्हायनू," म्हणाले. ओठ कोरडे, कपाळावर बारीक घाम. ओसरीत चांगली सावली होती, वारा होता.

सिस्टरने मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली बसली, आप्पांचं मनगट धरलं आणि भिंतीकडे बघत नाडी मोजू लागली. मग एकेक विचारत गेली. दुखणं कुठं जातं? डाव्या खांद्यात, जबड्यात. कधीपासून? दोन दिवस खळ्यापर्यंत चाललं की यायचं, बसलं की थांबायचं. आज पहाटेपासून थांबतच नाही. शुगर आहे का? आठ वर्षं.

मी उभी होते तिथेच गार पडले. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि ओसरायला लागतो. चाललं की वाढणारं, जबड्यात जाणारं, तासन्‌तास बसून राहणारं दुखणं वेगळं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी. पण क्लिपमध्ये यातला एक शब्द नव्हता.

पुढचं भराभर झालं. सिस्टरने ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून अॅस्पिरिनची गोळी आप्पांना चावून खायला दिली. काकू आधी पाण्यासोबत द्यायला निघाल्या होत्या. मी 108ला फोन केला. भाऊ मोटारसायकल काढून फाट्यावर जाऊन उभा राहिला, कारण गावात शिरायचे दोन रस्ते आणि त्यातला एक खोदलेला. मी काकूंचा हात धरून बसले. तेवढंच माझ्या हातात होतं. मोबाईल अजून चालूच होता. तो मी बंद केला.

सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी बाहेर येत असतानाच डॉक्टर म्हणाले, "एसटी चढलीये. धुळ्याला हलवा."

काकूंनी घाबरून विचारलं, "कोनती यष्टी?"

कुणी हसलं नाही. भाऊने पट्टी हातात घेऊन त्यांना रेघ दाखवली, ही अशी सपाट असायला पाहिजे, ती वर उचललीये, म्हणजे हार्ट अटॅक. धुळ्यात त्याच संध्याकाळी स्टेंट टाकला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मला एकच गोष्ट छळत होती. मी चुकीचं शिकले होते का? नाही. धडधडीचा अर्थ "मी मरतोय" असा लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. डेव्हिड क्लार्क यांनी 1986मध्ये मांडलेलं हे मॉडेल आजही खरं आहे. पण मी जिथे शिकले त्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्यापुढे येणाऱ्या पेशंटच्या काखेत जाडजूड फाईल असायची. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल. "हा हार्ट अटॅक नाही" हे वाक्य मी बोलायचे, पण ते आधीच कुणीतरी तपासून माझ्या हातात ठेवलेलं असायचं. फाईल गाळून मी नुसतं वाक्य गावात आणलं. इथे क्लिप पहिली पोचते, फाईल कधीच नाही.

भाऊला आणखी एक दिसलं होतं. त्याने आप्पांना नंतर विचारलं, दोन दिवस दवाखान्यात का गेला नाहीत? आप्पा म्हणाले, कपाशीच्या बियाण्याचे पैसे बाजूला ठेवलेले. "क्लिप ऐकी तं वाटनं, चला, पैसा वाचनात."

म्हणजे कर्जाचंही मी "जाऊ द्या" म्हणायला नको होतं.

व्हॉट्सअॅपवर एकदा सुटलेली क्लिप मागे घेता येत नाही. आम्ही तिच्यामागे दुसरी सोडली. सुरुवात सिस्टरच्या आवाजात: छातीत पहिल्यांदाच दुखतंय, चालल्यावर वाढतंय, जबड्यात-हातात जातंय, घाम फुटलाय, तर श्वास मोजत बसू नका, ईसीजी काढा. शुगरवाल्यांना दुखणं कमी जाणवू शकतं, त्यांनी तर थांबूच नका. त्यानंतर भाऊ: 108ला पैसे लागत नाहीत. मी सगळ्यात शेवटी, आणि तेही "डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक सांगितलं असेल तर" अशी सुरुवात करून. सव्वाचार मिनिटं झाली. जुनीइतकी ती फिरली नाही. जुनी अजूनही मला अधूनमधून कुणीतरी पाठवतं.

आप्पा दीड महिन्याने भेटले. रोज रात्री दोनला दचकून जाग, छाती धडधडते, हातपाय गार. तीनदा धुळ्याला जाऊन आले, तिन्ही वेळा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "मंग आते हाई कोनतं शे मॅडम?"

आता फाईल होती. आता ती घबराटच होती, पुस्तकात असते तशी. पण माझ्या तोंडून ते ऐकायला आप्पा तयार नव्हते, आणि चार-सहाचा श्वास म्हटलं की त्यांना ती पहाट आठवायची. मग हृदयरोगतज्ज्ञांना विचारून दुसरं सुरू केलं. धडधड मुद्दाम आणायची आणि ती आपली आपण उतरते हे बघायचं. पुस्तकात यासाठी जिना लिहिलेला असतो. आप्पांकडे धाब्यावर जायची लाकडी शिडी होती.

पहिल्या दिवशी ते चारच पायऱ्या चढले आणि थांबले. वर सिस्टर बसलेली, नाडी धरायला हात पुढे केलेला. खालून मी शिडी धरली होती. "चढू का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, सिस्टरला.