कथा माझ्याच होत्या, कागद त्यांच्याकडे होता

२०१६ साली नारायण पेठेतल्या एका छोट्या प्रकाशनानं माझा कथासंग्रह काढला. चौदा कथा, त्यातल्या अकरा आधी दिवाळी अंकांत येऊन गेलेल्या. पाचशे प्रतींची आवृत्ती आणि एका पानाचा करार. पुस्तक निघतंय या आनंदात त्या पानावर मी उभ्याउभ्या सही ठोकली. बँकेत तीस वर्षं लोकांना "वाचून सही करा" सांगणारी मी!

करोनानंतर प्रकाशनाची घडी विस्कटली. ऑफिसचं भाडं थकलं, पुस्तकं धायरीच्या गोडाऊनमध्ये जाऊन पडली. अप्पा बळवंत चौकातले दुकानदार म्हणायचे, "मॅडम, मागणी कळवतो, माल येत नाही." तरीही मी गप्प होते. पण २०२३ मध्ये एका ऑडिओबुकवाल्यांनी तीन कथा मागितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, हक्क कोणाकडे आहेत? प्रकाशकाचं पत्र लागेल.

पुढचे तीन महिने फोन, मेसेज, निळ्या टिका. एकदा टिळक रोडवर प्रकाशक समोरासमोर भेटले तर म्हणाले, "ताई, कथा कुठे पळून चालल्यात का? बघू सावकाश." या माणसाशी भांडायचं मनात येईना. माझी प्रत्येक कथा त्यांनी दोनदा वाचली होती. एका कथेचा शेवट त्यांच्या सांगण्यावरून बदलला, आणि तो आधीपेक्षा चांगला झाला हे मला मान्य आहे.

शेवटी करार घेऊन भाच्याकडे गेले. तो शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. पेन्सिल घेऊन त्यानं ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मावशी, यात मुदत कुठे आहे?" मुदत नव्हतीच. 'प्रकाशनाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील', एवढंच. किती वर्षं, काही नाही.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे माझे हक्क २०२१ मध्येच संपून माझ्याकडे आले होते, आणि मी तीन महिने माझीच वस्तू मागत फिरत होते. शिवाय, दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तेवढ्यापुरतं हस्तांतरण रद्द झालेलं धरतात. ऑडिओ तर त्यांनी कधी काढलाच नव्हता. भाचा म्हणाला, "'कॉपीराइट असेपर्यंत' असे दोन शब्द असते ना, तर तुझं आयुष्य आणि पुढची साठ वर्षं! मग कोर्टातच जावं लागलं असतं."

माझ्या पत्राच्या कच्च्या खर्ड्यात होतं, 'कृपया हक्क परत द्यावेत ही विनंती.' भाच्यानं ते खोडलं. मागायचं नाही, कळवायचं: मुदत संपल्यामुळे हक्क माझ्याकडे आले आहेत, तसं लेखी द्यावं, ई-बुक विक्रीतून काढावं. कराराची झेरॉक्स जोडून सिटी पोस्टातून रजिस्टर एडीनं पाठवलं. ऑफिसच्या पत्त्यावरचं परत आलं. घरच्या पत्त्यावरचं पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी फोन. "ताई, नोटीस? मला?"

"नोटीस नाही हो, पत्र आहे."

अमृततुल्यात बसून चार ओळींचं पत्र त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, सही-शिक्का-तारखेसकट. मला हवं होतं ते एवढंच. बाकी गोष्टी बोलता बोलता उलगडल्या. मुखपृष्ठाचं चित्र माझं नव्हतं आणि त्यांचंही नव्हतं. चित्रकारानं ते फक्त त्या पुस्तकापुरतं दिलं होतं, त्यामुळे त्याला वेगळं विचारायला लागलं. नव्या प्रकाशकाकडून पुस्तक काढायचं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, नवा. उरलेल्या प्रती मात्र त्यांच्या मालकीच्या. रद्दीत जाऊ नयेत म्हणून १४० प्रती निम्म्या किमतीत मी विकत घेतल्या. आता त्या दिवाणाखाली आहेत.

त्यांनी पेनड्राइव्हवर पुस्तकाची पानं जुळवलेली पेजमेकरची फाइलही दिली, अगदी आपणहून. पण अक्षरं जुन्या फॉन्टमधली. हल्ली सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणल्यावर जोडाक्षरांची दाणादाण, रफार भलत्याच अक्षरावर. रोज दुपारी दोन पानं दुरुस्त करते आहे. नऊ कथा झाल्या.

रॉयल्टी? ती मी विचारली होती, चहाचे पैसे देताना. "दिवाळीनंतर बघू ताई," म्हणाले. कुठल्या दिवाळीनंतर, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.