आमची वाटचाल : आधी पुसून बघणाऱ्यांचं वर्कशॉप

आमचं वर्कशॉप ओगलेवाडीत आहे, कराड रेल्वे स्टेशनच्या बाजूला. एक शेड, दोन लेथ, एक ड्रिल आणि मागं पत्र्याखाली पार्ट धुवायची जागा, बास. बोर्डावर विमानाचं छोटं चित्र आहे म्हणून लोक आत डोकावतात आणि विचारतात, इथं खरंच विमान येतं का हो? नाही येत. आम्हीच विमानाकडं जातो, पुठ्ठे न पावडर घेऊन, आणि तेल कुठनं गळतंय ते शोधून देतो. हा पण काय धंदा होऊ शकतो हे मलाही दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सुरुवात आप्पांपासून, म्हणजे आमच्या वडिलांपासून. आप्पा कृष्णाकाठच्या विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, कूपरची, किर्लोस्करची, सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पिशवी बांधून गावोगाव. इंजिन तेल ओकतंय अशी तक्रार आली की बाकीचे फिटर आल्या आल्या पाना लावायचे, आप्पा आधी रॉकेल न चिंधी मागायचे. सगळं इंजिन पुसून कोरडं करायचं, वर खडूची पूड भुरभुरायची आणि चालू करून बिडी पेटवून बसायचं. बिडी संपेस्तोवर पूड कुठंतरी काळी पडलेली असायची. मी लहान होतो, मला ते बसणं म्हणजे कामचुकारपणा वाटायचा.

मी पुढं एएमईचा, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअरचा कोर्स केला, पण लायसनचे सगळे पेपर काही निघाले नाहीत, त्यामुळं फ्लाइंग स्कूलांमध्ये टेक्निशियन म्हणून नऊ वर्षं काढली. २०१६ मध्ये आप्पांचा गुडघा गेला, घरी कोणीतरी पाहिजे होतं, आलो परत. आता एक स्पष्ट सांगतो कारण लोकांचा गैरसमज होतो, विमानाचं मेंटेनन्स डीजीसीएची (सरकारचं विमान खातं) मान्यता असलेल्या संस्थेनंच करायचं असतं आणि काम झाल्यावर सही लायसनवाल्या एएमईची. आमच्याकडं ती मान्यता नाही. आम्ही ऑपरेटरच्या मान्यतेखाली, त्यांच्या हँगरमध्ये, त्यांच्या एएमई साहेबांच्या डोळ्यासमोर काम करतो. इकडं शेडमध्ये टो बार (विमान ओढायचा दांडा), इंजिन स्टँड, तेलाचे ट्रे असलं जमिनीवरचं सामान बनवतो आणि पोट खरं भरतं ते अजून पाण्याच्या पंपांवर.

पहिलं काम आलं २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडाला. एका स्कूलचं सेसना १५२, शिकायचं छोटं दोन सीटचं विमान, त्याला लायकमिंग कंपनीचं ओ-२३५ इंजिन. पोटाखाली नाकापासून शेपटीपर्यंत तेलाचा पट्टा. तिथल्या पोरांनी ३ नंबर सिलिंडरच्या रॉकर कव्हरचं (सिलिंडरच्या डोक्यावरचं झाकण) गॅस्केट चार वेळा बदललेलं. का, तर थेंब तिथं लोंबताना दिसतो. लायकमिंगला १ न ३ नंबर उजव्या बाजूला, १ पुढं आणि ३ मागं. मी बघितलं तर कव्हरचे स्क्रू एवढे आवळलेले की कॉर्क बाहेर जिभेसारखं आलेलं आणि कव्हरची कड स्क्रूच्या दोन्ही बाजूंना वाकलेली. आवळून गळती थांबत नाही, उलट वाकलेली कड पुढं आयुष्यभर गळते.

मी घरी फोन लावला. आप्पा म्हणाले, "आरं पुसलंस का आधी?"

मग पुसलं. मॅग्नेटो, अल्टरनेटर, व्हॅक्यूम पंप, हवेचं तोंड सगळं प्लास्टिकनं बांधलं, थंड इंजिनावर मिनरल टर्पेंटाइन न ब्रशनं पहिला हात, वाळवलं, परत दुसरा हात. फिनांच्या मधली घाण काढायलाच दुपार झाली. मग कॉम्प्रेसरनं फुंकून कोरडं ठणठणीत केलं आणि पायाला मारायची स्प्रे पावडर मिळते ना मेडिकलमध्ये ती सगळ्या जॉइंटांवर पातळ मारली, इंजिन पांढरं भूत दिसायला लागलं. काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून इंजिन फार वेळ चालवता येत नाही कारण हवा नीट फिरत नाही आणि सिलिंडर तापतात, म्हणून थोडाच वेळ चालवलं, बंद केलं, चावी साहेबांच्या खिशात गेली आणि मगच टॉर्च घेऊन खाली वाकलो. ३ नंबरच्या कव्हरची वरची कड कोरडी. १ नंबरच्या खाली, ड्रेनबॅक ट्यूब जिथं रबरी होजनं जोडलेली असते, तिथं क्लॅम्पपाशी पावडर काळी झालेली आणि तिथनं बोटभर रुंद ओघळ मागं गेलेला. सिलिंडरच्या हेड्सना आलेलं तेल परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, सोडणारी ही नळी, आतलं प्रेशर काहीच नसतं, पण होज उष्णतेनं लाकडासारखा कडक झालेला. पंख्याचा वारा तेल मागं नेतो आणि काउलमधली हवा वरनं खाली दाबते, म्हणून गळती नेहमी थेंब दिसतो त्याच्या पुढं आणि वर शोधायची. ही एवढी गोष्ट चार गॅस्केटांत कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

एक होजचा तुकडा, दोन क्लॅम्प. बिल दिलं दोन दिवसांच्या मजुरीचं. अकाउंटवाले म्हणाले, पार्ट तर एवढेसेच लागलेत, मग धुण्याचे कसले एवढे पैसे? अर्धे मिळाले, ते पण तीन महिन्यांनी. तेव्हा आमच्या सौ.नं, जी आमचं सगळं कागदपत्र बघते, कोटेशनचा नमुनाच बदलला. आता पहिली ओळ असते 'शोधण्याचे तास', पार्ट खाली कुठंतरी. सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं त्या ओळीवरनंच गेली, जाऊ दे म्हटलं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते गळतीचे नसतातच खरं. कॅडेट पोरं, म्हणजे विमान शिकणारी, सकाळी डिपस्टिक बघून तेल कडेपर्यंत भरतात, बिचारी काळजीनंच भरतात, आणि इंजिन ते जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतनं बाहेर फेकून देतं. १५२ ची तेलाची टाकी ६ क्वार्टची (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर), पण सेसनाच्या हँडबुकमध्येच लिहिलंय की ३ तासांच्या आतल्या नेहमीच्या उड्डाणाला ५ वर ठेवा. एका हँगरला आम्ही नुसतं भिंतीवर मोठ्या अक्षरात ५ लिहून आलो, पोटावरचा पट्टा गेला. त्याचे मात्र पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

ब्रीदरवरनं आठवलं, एका सेसनाला पुढचं नोज सील (पंख्यामागं क्रँकशाफ्ट बाहेर येतो तिथलं) चार महिन्यांत दोनदा बदललेलं आणि तरी काचेवर तेलाची बारीक फवार. सील गेलं, परत सील गेलं, मग सीलच खराब लॉट आला म्हणायचं असं चाललेलं. आम्ही धुतलं, पावडर मारली, गळती सीलमधनंच, त्यात वाद नाही. पण नवीन सील का सोडतंय? साहेबांनी एक जुनी युक्ती केली, स्पेअरमधला एअरस्पीड इंडिकेटर, विमानाचा वेग दाखवणारा, तेल भरायच्या नळीला जोडला, तो हवेचा दाबच मोजतो ना शेवटी, इंजिन चालवलं तर काटा उठला भराभर. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मधल्या कवचात, दाब कोंडलेला. खाली ब्रीदरच्या तोंडात टॉर्च मारला तर आत कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं, नीट, गुळगुळीत, अर्ध्याहून जास्त नळी बंद. मे महिनाभर विमान उभं होतं तेव्हाचं. थंड देशांत म्हणे तिथं बर्फ धरतो, आपल्याकडं कुंभारीण. तारेनं घर काढलं, सील तिसऱ्यांदा बदललं, ते टिकलं.

असं सगळं मजेत चाललं असं पण नाही. एकदा सिलिंडरच्या बुडाशी ओल दिसली, बेस जिथं क्रँककेसवर बसतो तिथं. नट आवळून बघू का असं तिथला एक जण म्हणाला, मी त्याच्या हातातला पाना घेतला आणि साहेबांना बोलावलं. तिथली ओल म्हणजे नट सैल असू शकतात, नाहीतर केसला भेग, दोन्ही वाईट. विमान तिथंच बसलं कित्येक आठवडे आणि मालकाची नाराजी आमच्यावर, जणू भेग आम्हीच पाडली. त्या हँगरमधनं परत बोलावणं आलं नाही.

लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा पंपांनीच तारलं. नंतर एक पोरगा ठेवला, आधी टू-व्हीलर गॅरेजला होता, हात वेगवान, पण पहिले सहा महिने त्याच्याकडं पाना दिलाच नाही, नुसता ब्रश. चिडायचा. आता तोच नवीन पोरांच्या हातातनं पाना काढून घेतो. मागच्या वर्षी तेलात टाकायचा रंग न यूव्ही टॉर्च घेतला, काही अवघड जागा पावडरीनं सापडत नाहीत, तिथं रात्री हँगरचे दिवे घालवून तो निळा टॉर्च मारला की गळती हिरवीपिवळी चमकते. आप्पांना शेडमध्ये दाखवला तर म्हणाले, ओगलेवाडीत प्रभाकर कंदील बनायचे, आता हा आला. हसले, पण पुसलंस का ते विचारलंच.

उद्या एका १७२ वर जायचंय, पहाटे साडेपाचला निघू. साहेबांना सांगून आज संध्याकाळी इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाकून घेतलाय, पुढच्या चाकाची जागा पेनानं आखून, म्हणजे सकाळी डाग कुठल्या बाजूचा ते कळतं. पावडरचा एकच डबा उरलाय, दुसरा वाटेत उंब्रजला घेऊ.