तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा गोल्फर खेळ विसरतो का?

मी गोल्फ बघते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "काल जगात पहिला होता, आज यादीत नावही नाही. माणूस खेळायचं विसरतो का हो?"

विसरत नाही. या खेळात चुकायला जागाच फार कमी असते. फटक्याची दिशा एका अंशाने हुकली, तर अडीचशे मीटरवर चेंडू जवळजवळ साडेचार मीटर बाजूला पडतो. त्यातून तो हवेत वळला की थेट झाडीत. आठ फुटांवरचा पट, म्हणजे चेंडू घरंगळवत भोकात घालायचा हलका फटका, तर निवडक व्यावसायिकांचाही साधारण निम्म्या वेळा हुकतो. टीव्हीसमोर बसून "अरे, एवढंसं जमेना!" म्हणणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, ते सोडा.

वर पैशाचा हिशेब. स्पर्धा चार दिवसांची, पण दोन दिवसांनी, शुक्रवारी, कट म्हणजे गाळणी लागते. पीजीए टूरच्या (अमेरिकेतली पुरुष व्यावसायिकांची स्पर्धामालिका) नेहमीच्या स्पर्धेत पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. बाकीच्यांना बक्षिसातला छदामही नाही. कॅडी (गोल्फची पिशवी वाहणारा मदतनीस), प्रवास, हॉटेल यांचा खर्च मात्र चुकत नाही. असे आठवडे साचत गेले की क्रमवारी घसरते, मोठ्या स्पर्धांची दारं बंद होतात, शेवटी टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवानाही जातो. बाहेरून आपल्याला कडेलोट दिसतो. आत बघावं तर दर फेरीला एखाद-दुसरा फटका वाढलेला असतो, एवढंच; आणि इथे कमी फटके लागतील तो पुढे.

मला चटका लावतात ते सुधारायला जाऊन बिघडलेले. ऑस्ट्रेलियाच्या इयन बेकर-फिंचने 1991 मध्ये ओपन, म्हणजे ब्रिटनमधली मानाची स्पर्धा, जिंकली. पुढे आणखी लांब मारायच्या नादात तो स्विंगमध्ये, म्हणजे फटका मारायच्या लकबीत, फेरफार करत गेला. 1995 ची ओपन, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाचा पहिला होल. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) तिथे एकच, अवाढव्य रुंद. सोबत खेळायला साक्षात दिग्गज अर्नोल्ड पामर. आणि याने चेंडू डावीकडे, तो अख्खा फेअरवे ओलांडून हद्दीबाहेर घातला! सरावात फटके झकास बसायचे, स्पर्धेत पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात ती जागा) उभा राहिला की सगळं मुसळ केरात. 1997 च्या ओपनमध्ये पहिल्याच फेरीत 92 फटके लागले. मग त्याने माघार घेतली आणि स्पर्धेचा खेळ जवळजवळ तिथेच थांबला.

सावरणारेही आहेत. न्यूझीलंडची लिडिया को 17व्या वर्षी जगात अव्वल झाली, नंतर एप्रिल 2018 ते एप्रिल 2021 एलपीजीएचं (महिलांची व्यावसायिक टूर) एकही विजेतेपद नाही, आणि 2024 च्या एकाच ऑगस्टमध्ये ऑलिंपिक सुवर्ण आणि विमेन्स ओपन. अर्जुन अटवालचं तर 2010 मध्ये कार्ड गेलेलं होतं. सोमवारच्या पात्रता फेरीतून तो विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि रविवारी जिंकला. पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय, तोही असा मागच्या दाराने.

"मग अमका परत येईल का?" हा जोडप्रश्न. मी करंडक मोजत नाही, कटचा शुक्रवार बघते: सलग कट पार होतायत का? पण अमेरिकेच्या डेव्हिड डुव्हलपुढे ही फूटपट्टीही चालत नाही. 1999 मध्ये जगात पहिला, 2001 चा ओपन विजेता, मग नुसती घसरण. 2009 च्या यूएस ओपनला आला तेव्हा क्रमवारीत 882वा होता; संयुक्त दुसरा आला. त्यानंतर पीजीए टूरवर तो एकदाही जिंकला नाही.